आधी एक व्हिडिओ पूर्ण करा, मग लॅपटॉप बदला

‘व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय, लॅपटॉप कुठला घेऊ?’ बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न घरोघरी निघतो. कॉलेजात पाऊल टाकणारी मुलं तो विचारतात. निवृत्तीनंतर गावाकडच्या माणसांच्या आठवणी चित्रित करून ठेवू पाहणारे विचारतात. लोणची-मसाल्यांचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या आणि जाहिरातीचे व्हिडिओ आता स्वतःच करू म्हणणाऱ्या गृहिणीही विचारतात. उत्तरं मात्र बहुतेक वेळा दुकानदाराकडून मिळतात, आणि ती स्वाभाविकच महागड्या यंत्रापाशी येऊन थांबतात.

इथे सल्ला उलट्या क्रमाचा आहे. घरात असलेल्या लॅपटॉपवर, फुकट मिळणाऱ्या कायदेशीर सॉफ्टवेअरवर तीन मिनिटांचा एक व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण करा. आपल्याला काय कमी पडतं हे तो व्हिडिओच सांगेल. खरेदीचा विचार त्यानंतर.

हातातलं यंत्र तपासा

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ या भागात रॅम किती आहे, डिस्क एसएसडी आहे की जुनी फिरणारी हार्ड डिस्क आणि ग्राफिक्स कुठलं आहे, हे एका जागी दिसतं. त्यावरून साधारण अंदाज असा बांधता येतो:

- ८ जीबी रॅम आणि एसएसडी: फोनवरचं १०८०पी फुटेज घेऊन शिकायला पुरेसं. हलकं सॉफ्टवेअर निवडा.
- १६ जीबी रॅम आणि एसएसडी: डाविंची रिझॉल्व्हसारखं मोठं सॉफ्टवेअरही चालेल. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर ते अधिक सुरळीत चालेल.
- ४ जीबी रॅम किंवा जुनी हार्ड डिस्क: नवा लॅपटॉप घेण्याआधी आहे त्यातच एसएसडी आणि रॅम वाढवता येते का, हे विचारा. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच जडवलेली असते आणि ती वाढत नाही. म्हणून आधी मॉडेल क्रमांक दाखवून खात्री करा.

लॅपटॉप चार्जर लावूनच वापरा. बॅटरीवर असताना अनेक यंत्रं वीज वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतात. गादीवर किंवा उशीवर ठेवलं तर खालची हवेची जाळी बंद होते, यंत्र तापतं आणि त्यामुळेही मंदावतं.

नवा घ्यायची वेळ आलीच तर जाहिरातीत न दिसणारी एक गोष्ट तपशिलाच्या पानावर शोधा: पडद्याची रंगक्षमता. ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेल्या पडद्यावर रंग फिके दिसतात. त्यावर विसंबून रंग वाढवले तर इतरांच्या फोनवर चेहरे लालभडक दिसतात. ‘१०० टक्के एसआरजीबी’ असेल तर निर्धास्त राहा.

व्हिडिओ अडकत चालतो, तो का?

सगळ्यात जास्त नवखे इथे हार मानतात. फोनवर झुळझुळ चालणारा व्हिडिओ लॅपटॉपच्या टाइमलाइनवर टाकला की थांबत-थांबत चालतो, आणि ‘आपला लॅपटॉप बाद झाला’ असा निष्कर्ष काढला जातो.

खरं कारण असं: जागा वाचावी म्हणून फोन प्रत्येक चित्रचौकट पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एखादी पूर्ण चौकट, आणि मधल्या चौकटींत फक्त झालेला बदल, असं ते साठवणं असतं. एच.२६५ म्हणजे एचईव्हीसी या पद्धतीत हे फारच घट्ट केलेलं असतं. सरळ पाहताना अडचण येत नाही, पण एडिटिंगमध्ये आपण सतत मागे-पुढे उड्या मारतो. प्रत्येक उडीला लॅपटॉपला आजूबाजूच्या कित्येक चौकटी उलगडून एक चौकट उभी करावी लागते.

यावरचा उपाय म्हणजे प्रॉक्सी. मूळ फुटेजच्या लहान, उलगडायला सोप्या प्रती सॉफ्टवेअर तयार करून देतं. आपण कापाकापी त्या प्रतींवर करतो आणि अंतिम व्हिडिओ बनवताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ फुटेज वापरतं. शॉटकट, केडेनलाइव्ह आणि रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची ओळख पुढे येतेच; तिन्हींत ही सोय फुकट आहे. प्रती बनायला वेळ लागतो. तेवढ्यात चहा घ्या. पण एकदा त्या तयार झाल्या की साधा लॅपटॉपही ४के फुटेज निमूट चालवतो.

दुसरा त्रास आवाजाचा. मुलाखत पुढे जाते तशी ओठांची हालचाल आणि शब्द यांत अंतर पडत जातं. बरेच फोन प्रकाशानुसार सेकंदाला कधी ३०, कधी २७ अशा बदलत्या चौकटी टिपतात आणि काही सॉफ्टवेअरना हा हिशेब जमत नाही. हँडब्रेक नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल आधी रूपांतरित करून घ्या, अंतर जातं.

आणि चित्रात प्रकाशाचे पट्टे लपलपत असतील तर दोष विजेच्या ठेक्याचा असतो. भारतात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक ट्यूबलाइट आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शूटिंग २५ चौकटींवर आणि शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे सहसा येत नाहीत. एडिटिंगमध्ये ते काढणं फार कठीण असतं.

सॉफ्टवेअर कुठलं?

- शॉटकट: मोफत आणि मुक्तस्रोत, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. कमी ताकदीच्या लॅपटॉपवर सुरुवात करायला चांगलं.
- केडेनलाइव्ह: हेही मोफत आणि मुक्तस्रोत. अनेक ट्रॅक हाताळायला शॉटकटपेक्षा सोयीचं.
- डाविंची रिझॉल्व्ह: ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनचं. मोफत आवृत्तीतून ३८४० बाय २१६० आकारापर्यंत, सेकंदाला ६० चौकटींपर्यंत व्हिडिओ काढता येतो आणि त्यावर शिक्का (वॉटरमार्क) येत नाही. फक्त सशुल्क ‘स्टुडिओ’ आवृत्तीतला एखादा परिणाम चुकून वापरला तर शिक्का उमटतो. रंगांच्या कामात याला तोड नाही.
- क्लिपचॅम्प: विंडोज ११ सोबत येतं. १०८०पी पर्यंत फुकट. शाळेचा प्रकल्प किंवा वाढदिवसाचा व्हिडिओ एवढंच करायचं असेल तर पुरे.
- आयमूव्ही: मॅक असेल तर फुकट मिळतं आणि पहिल्या काही महिन्यांना तेवढं बस्स.
- अडोबी प्रीमिअर: अनेक वाहिन्या आणि जाहिरात संस्थांत चालतं, पण भाडं भरावं लागतं. नोकरीच्या जाहिरातीत नाव दिसलं म्हणून पहिल्या दिवशी घेण्याची गरज नाही.

एक निवडा आणि निदान पहिले चार-पाच व्हिडिओ तेच वापरा. कापणं, सरकवणं, आवाज बसवणं ही मूळ कामं सगळीकडे सारखीच आहेत. ‘जे’ने मागे, ‘के’ने थांबा, ‘एल’ने पुढे, ‘आय’ने सुरुवातीची आणि ‘ओ’ने शेवटची खूण या कळा जवळपास सर्वत्र चालतात. त्या बोटांत बसल्या की सॉफ्टवेअर बदललं तरी हात अडत नाही.

‘क्रॅक’ केलेलं महागडं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हमधून घेऊ नका. त्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच लॅपटॉपवर घरातल्या कुणाचं तरी बँकेचं खातं उघडलं जात असतं.

भाड्याचं सॉफ्टवेअर घेतलंत तर योजना ‘मासिक’ आहे की ‘वार्षिक, पण हप्ते मासिक’ हे वाचा. दुसऱ्या प्रकारात मध्येच सोडल्यास शुल्क लागू शकतं. कार्डावरून आपोआप पैसे जाण्यापूर्वी किमान २४ तास आधी बँकेने तुम्हाला कळवलं पाहिजे, आणि ती परवानगी तुम्ही रद्द करू शकता. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे.

पहिला व्हिडिओ: मूर्तीच्या कारखान्यातली तीन मिनिटं

पहिल्या सरावासाठी असा विषय घ्या ज्याला स्वतःचा क्रम आहे. समजा, तुम्ही रायगड जिल्ह्यातल्या पेणला गणपतीच्या कारखान्यात गेलात. शाडूची माती मळणं, साच्यातून काढणं, जोड मिटवणं, सुकवणं, रंग, आणि शेवटी डोळ्यांची आखणी असा सगळा क्रम फोनवर टिपलात. फुटेज चाळीस मिनिटांचं, व्हिडिओ करायचा तीन मिनिटांचा. तो असा करा:

1. फोल्डर आधी, सॉफ्टवेअर नंतर. कामाच्या नावाचा एक मोठा फोल्डर, त्यात ‘फुटेज’, ‘आवाज’, ‘चित्रं’, ‘प्रोजेक्ट’, ‘अंतिम’ असे पाच. टाइमलाइनवर क्लिप टाकल्यानंतर फाइल हलवली तर सॉफ्टवेअरला ती सापडत नाही आणि पडद्यावर ‘मीडिया ऑफलाइन’सारखी सूचना येते.
2. दुसरी प्रत लगेच. फोनमधलं फुटेज पुसण्याआधी ते दोन वेगळ्या डिस्कवर असलं पाहिजे. आयफोनच्या सेटिंगमधल्या माहितीनुसार ४के, ३० चौकटींचं एचईव्हीसी फुटेज मिनिटाला सुमारे १७० एमबी घेतं, म्हणजे तासाला १० जीबी. त्या हिशेबाने जागा ठेवा.
3. सगळं फुटेज एकदा पाहा, न कापता. हातात कागद घ्या. कुठल्या मिनिटाला काय चांगलं आहे ते लिहा. या पायरीला फाटा देणाऱ्यांचे व्हिडिओ लांबतात.
4. कच्ची जोडणी. निवडलेले तुकडे कामाच्या क्रमाने लावा. गाणी, अक्षरं, रंग यांतलं काही नको. ही जोडणी सात-आठ मिनिटांची होईल.
5. आता काढून टाका. प्रत्येक तुकड्याला एकच विचारा: हा नसला तर पाहणाऱ्याला काही कळायचं राहील का? माती मळण्याचे पाच शॉट असतील तर एक जवळून आणि एक लांबून पुरे. आखणीचा शॉट मात्र घाईने कापू नका. मूर्तिकाराचा श्वास रोखलेला असतो, ब्रश टेकतो, उचलतो. तो पूर्ण राहू द्या.
6. कट हालचालीवर ठेवा. हात मातीकडे निघाला तिथे लांबचा शॉट सोडा आणि तीच हालचाल पुढे चालू असताना जवळचा घ्या. जोड डोळ्याला खटकत नाही.
7. आवाज चित्राच्या पुढे-मागे सरकवा. मूर्तिकाराचं बोलणं त्याच्या चेहऱ्यावर सुरू होऊ द्या आणि बोलणं चालू असतानाच चित्र हातांवर न्या. याला एडिटर ‘एल कट’ म्हणतात. आवाज आधी आणि चित्र मागून आलं तर ‘जे कट’. मुलाखतीतले अडखळे आणि कापलेली वाक्यं झाकायलाही हीच युक्ती कामी येते.
8. एक रात्र मध्ये जाऊ द्या, मग विषय माहीत नसलेल्या कुणाला तरी दाखवा. पडद्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहा. त्यांनी फोन हातात घेतला ती जागा लिहून ठेवा.

एक गृहपाठही करा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या रेणू सलुजा यांनी ‘जाने भी दो यारों’, ‘अर्धसत्य’ आणि ‘परिंदा’चं संकलन केलं, तेव्हा फिल्मची पट्टी प्रत्यक्ष कापून चिकटवावी लागे. यांतल्या कुठल्याही चित्रपटाचा एक प्रसंग आवाज बंद करून पाहा आणि प्रत्येक कट कशावर पडला ते लिहा: नजरेवर, हालचालीवर की शब्दावर. इफेक्ट शिकवणाऱ्या दहा व्हिडिओंपेक्षा हा अर्धा तास जास्त देऊन जातो.

आवाजाकडे दुर्लक्ष नको

थोडं धूसर चित्र प्रेक्षक सोसतो, पण न कळणारं बोलणं सोसत नाही. हेडफोन लावून काम करा. लॅपटॉपच्या स्पीकरवर पंख्याची घरघर ऐकूच येत नाही. बोलण्याची पातळी मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान खेळू द्या. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. बोलणं चालू असताना पार्श्वसंगीत एवढं खाली आणा की ते गेलं तरच लक्षात यावं. कारखान्यातला मातीचा थप-थप आवाज पुसू नका, तोच त्या जागेचा पुरावा आहे.

मराठी अक्षरं मोडतात तेव्हा

‘दुसऱ्या’तला अर्धा र तुटून पडतो, ‘मूर्तिकार’मधली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. दोष बहुधा फॉन्टचा किंवा सॉफ्टवेअरच्या अक्षरजुळणीचा असतो.

- डीटीपीसाठी वापरले जाणारे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट इथे चालत नाहीत. मुक्त, बलू, नोटो सॅन्स देवनागरी हे मोफत युनिकोड फॉन्ट घ्या. ‘टिरो देवनागरी मराठी’मध्ये ल आणि श यांची मराठी वळणं मिळतात.
- प्रीमिअरमध्ये सेटिंगच्या ग्राफिक्स भागात दक्षिण आशियाई लिपींसाठीचा पर्याय निवडावा लागतो.
- तरीही जमलं नाही तर शीर्षक इंकस्केपसारख्या प्रोग्रॅममध्ये लिहा, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल काढा आणि चित्र म्हणून टाइमलाइनवर ठेवा. हा उपाय कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतो.
- सबटायटलची एसआरटी फाइल ‘यूटीएफ-८’ म्हणून साठवा, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतील.

व्हिडिओ बाहेर काढताना

एमपी४ फाइल, एच.२६४, आकार १९२० बाय १०८०, आवाज एएसी ४८ किलोहर्ट्झ. चौकटींचा दर शूटिंगला जो होता तोच. यूट्यूब १०८०पी आणि ३० चौकटींपर्यंत ८ एमबीपीएस बिटरेट सुचवतं. त्या दराने दहा मिनिटांचा व्हिडिओ सुमारे ६०० एमबीचा होतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे तो आणखी दाबला जात नाही.

गाण्यांचे हक्क

‘दहा सेकंदांपेक्षा कमी गाणं वापरलं तर चालतं’ हे सर्रास ऐकू येतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात अशी सेकंदांची सूट कुठेही नाही. टीका, समीक्षा, वार्तांकन अशा कामांसाठी कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. आवडलं म्हणून मागे लावणं त्यात बसत नाही.

एका गाण्यात निदान तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल यांना कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण असतं, तर ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं. तुकोबांचे अभंग शब्द म्हणून सगळ्यांचे आहेत. पण एखाद्या गायकाने नव्या चालीत गायलेली, १९७० साली प्रकाशित झालेली तबकडी २०३० संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीची आहे. १९५५ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झालेल्या गीतरामायणाचं उदाहरण घ्या. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, सुधीर फडके २००२ साली. म्हणजे शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि चाल २०६२ अखेरपर्यंत संरक्षित आहे. स्वतः गाऊन टाकलं तरी परवानगीचा प्रश्न उरतोच.

लग्नाच्या व्हिडिओबाबत गोंधळ जास्त होतो. लग्नाच्या वरातीत किंवा समारंभात गाणं वाजवायला कायद्याने सूट दिली आहे. तेच गाणं व्हिडिओला जोडून इंटरनेटवर टाकणं ही वेगळी कृती आहे.

सुरक्षित वाटा कोणत्या?

- यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत; श्रेय द्यायला सांगितलं असेल तर ते द्या.
- क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं संगीत. नावात ‘एनसी’ असेल तर व्यवसायासाठी चालत नाही, आणि ‘एनडी’ असेल तर व्हिडिओला जोडताच येत नाही.
- ओळखीच्या कलावंताकडून वाजवून घेतलेलं मूळ संगीत, दोन ओळींच्या लेखी परवानगीसह.

यूट्यूबवर ‘कॉपीराइट क्लेम’ आला तर घाबरू नका. त्यात बहुधा जाहिरातीचं उत्पन्न हक्कदाराकडे जातं किंवा व्हिडिओ रोखला जातो. ‘स्ट्राइक’ गंभीर असतो: ९० दिवसांत तीन झाले तर वाहिनी बंद होऊ शकते. क्लेम चुकीचा असेल तर हरकत घ्या. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. परवानगी नसताना खोटी हरकत घेतली तर स्ट्राइक ओढवू शकतो.

क्लास लावावा का?

शिस्त लागावी, चुका कुणी दाखवाव्यात म्हणून क्लास जरूर लावा. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालवते, त्यांच्या संकेतस्थळावर तारखा पाहत राहा. रिझॉल्व्हची प्रशिक्षण पुस्तकं आणि सरावाचं फुटेज कंपनी स्वतःच मोफत देते. खाजगी क्लासची फी भरण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांनी पूर्ण केलेले व्हिडिओ पाहायला मागा, तुमच्या कामावर शिक्षक वैयक्तिक शेरे देणार का ते विचारा, आणि फी परत मिळण्याच्या अटी लेखी घ्या. ‘नोकरीची हमी’ हे शब्द पावतीवर नसतील तर ते धरून चालू नका. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पहिलं पैशाचं काम

बारसं, डोहाळजेवण, एखाद्या दुकानाची जाहिरात अशी कामं लवकरच येतील. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्रफीत केली तर वेगळा करार नसेल तेव्हा तिचा पहिला मालक काम देणारा असतो. म्हणून तो व्हिडिओ आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवण्याची मुभा आधीच मागून ठेवा. दुरुस्त्या किती वेळा करून देणार, आगाऊ रक्कम किती, मूळ फुटेज किती महिने सांभाळणार, हेही एका संदेशात लिहून समोरच्याचा होकार घ्या. आणि अंतिम प्रत मिळाली, उघडली, ठीक आहे असं ग्राहकाने लिहून कळवेपर्यंत त्याचं फुटेज पुसू नका.